अग्निवीर नौसैनिकाची सुट्टी: ३० दिवसांचा हिशेब कसा मांडायचा

पोरगं नौदलाच्या चिल्क्याच्या प्रशिक्षण तळावरून पहिल्यांदा फोन करतं, तेव्हा आई जेवलास का विचारते आणि लगेच दुसरा प्रश्न करते, "सुट्टी कधी?" पोराकडे उत्तर नसतं, कारण त्यालाही कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मी १५ वर्षं नौदलात काढली आणि आता संगमेश्वरजवळ गावी राहतो. आमच्या भागातून दर खेपेला दोन-चार मुलं अग्निवीर म्हणून नौदलात जातात. त्यांचे आईवडील ओटीवर येऊन बसतात. पगार, जेवण, समुद्र या सगळ्याबद्दल विचारतात, पण निम्मा वेळ सुट्टीवरच जातो. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. माझ्या वेळचे काही नियम आता राहिलेले नाहीत, म्हणून अग्निवीरांना आज जे लागू आहे त्यावरच भर दिला आहे.

आधी आकडा पक्का करा

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. त्या योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी असते. आजारपणाची रजा वेगळी, पण ती लष्करी डॉक्टरच्या सल्ल्यावरच मिळते, आपल्या अर्जावर नाही. चार वर्षांचे मिळून १२० दिवस झाले.

गैरसमज इथेच सुरू होतो. गावात कुणाचे तरी काका, मामा जुने फौजी असतात. ते सांगतात, "अरे, आम्हाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल मिळायची." ते खरंच आहे, पण तो नियमित सेवेतल्या नौसैनिकाचा हिशेब. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर निवडून पुढच्या १५ वर्षांसाठी नियमित सेवेत घेतले जातात. तेव्हा काकांचा हिशेब तुम्हालाही लागू होईल. तोवर डोक्यात ३० हाच आकडा ठेवा आणि घरच्यांनाही तोच सांगा. ९० दिवसांची आशा लावून बसलेली आई ३० ऐकून खचते, हे मी पाहिलं आहे. तिला हा आकडा भरतीच्या आधीच कळायला हवा होता.

या ३० दिवसांबद्दल आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नाहीत. सुट्टीच्या मधे येणारे रविवार आणि सण त्यातच मोजले जातात. सुट्टीच्या अगदी आधी किंवा अगदी नंतर रविवार किंवा सरकारी सुट्टी येत असेल, तर ती जोडून मिळावी अशी विनंती करता येते. मात्र तसं मंजुरीच्या कागदावर लिहून आलं पाहिजे. तोंडी "चालेल" म्हटलेलं धरू नका.

दुसरी गोष्ट, सुट्टी तुमच्या नावावर असली तरी ती कधी द्यायची हे सेवेची निकड पाहून ठरतं. जहाज निघायचं असेल तर सुट्टी थांबते. यात कुणाचा राग नसतो.

तिसरी गोष्ट शिल्लक दिवसांची. "या वर्षी घेत नाही, पुढच्या वर्षी ६० दिवस एकदम घेईन" असा बेत करू नका. उरलेले दिवस आपोआप पुढच्या खात्यात जात नाहीत. तुमचं सुट्टीचं वर्ष कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजलं जातं, हे ऑफिसात विचारून डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुट्टीत पगार चालू राहतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पैकी ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या रकमेत, जातात आणि २१,००० हातात येतात. तिकिटं, घरी न्यायच्या वस्तू आणि सुट्टीतला खर्च या २१,००० मधूनच बसवायचा आहे, म्हणून सुट्टीच्या दोन महिने आधीपासून थोडे पैसे बाजूला ठेवा.

लिबर्टी म्हणजे सुट्टी नव्हे

नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. काम संपल्यावर ड्यूटी नसलेल्यांना बंदरात बाहेर जाऊ देतात, त्याला लिबर्टी म्हणतात. ठरलेल्या वेळेला परत यायचं असतं. यात ३० पैकी एकही दिवस खर्च होत नाही. पण लिबर्टीवर असताना शहर सोडून जायचं नाही. मुंबईत जहाजावर असलेल्या मुलाला वाटतं, शनिवारी दुपारी निघालो तर रात्री चिपळूणला पोचेन आणि रविवारी रात्री परत येईन. परवानगीशिवाय असं गेलात आणि त्याच रात्री सगळ्यांना परत बोलावलं, तर तुम्ही गैरहजर ठरता. शहराबाहेर जायचंच असेल तर डिव्हिजनल चीफला, म्हणजे तुमच्या गटावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ नौसैनिकाला, विचारा आणि रीतसर परवानगी घेऊनच निघा.

प्रशिक्षणाचे दिवस: तिकीट काढू नका

नौदलाच्या अग्निवीरांचं मूलभूत प्रशिक्षण ओडिशात खोर्धा जिल्ह्यात, चिलिका सरोवराकाठी आयएनएस चिल्का इथे होतं. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण १६ आठवड्यांचं होतं. या काळात घरी जायची सुट्टी गृहीत धरू नका. बहिणीचं लग्न असो वा गावची जत्रा, ट्रेनी असताना मधूनच निघणं म्हणजे शिकलेलं हातातून सोडणं. पोहणं, कवायत, शस्त्र, नौकानयन यांतलं जे चुकेल ते भरून काढायला वेगळा वेळ मिळत नाही, आणि फार दिवस चुकले तर मागच्या तुकडीत जावं लागू शकतं.

म्हणून आईवडिलांना माझा सल्ला असा की या चार महिन्यांत मुलाला घरी बोलावू नका, तुम्हीच पासिंग आउट परेडला जा. पहिल्या तुकडीची परेड २८ मार्च २०२३ रोजी झाली आणि ती सूर्यास्तानंतर घेतली होती. सुमारे २,६०० अग्निवीर होते आणि त्यात २७३ मुली होत्या. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस आपल्या लोकांना सोयीची पडते. परेडचं निमंत्रण आल्यावरच आरक्षण करा. तारीख आधी ऐकीव कळते आणि मग बदलते.

परेड झाली की मुलं पुढच्या टप्प्याला जातात. कुणी समुद्रावर, कुणी शाखेच्या शाळेत. इंजिनाची शाखा असेल तर लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, विद्युत शाखा असेल तर जामनगरची आयएनएस वालसुरा, तोफखान्याचं शिक्षण कोचीच्या आयएनएस द्रोणाचार्यवर, स्वयंपाकी आणि भांडार शाखेच्या मुलांचं मुंबईत मालाडच्या आयएनएस हमलावर. दोन टप्प्यांच्या मधे सुट्टी मिळाली तर ती बदलीच्या हुकमात तारखांसह लिहून येते. तो कागद हातात येईपर्यंत तिकीट नाही, घरी तारीख सांगणं नाही, मांडववाल्याला आगाऊ देणं तर नाहीच.

जहाजाचं कॅलेंडर आधी, घरचं नंतर

पहिल्या जहाजावर किंवा तळावर हजर झालात की पहिले दोन-तीन आठवडे सुट्टीचा विषयही काढू नका. या दिवसांत कान उघडे ठेवा. जहाज सरावाला कधी जाणार, तपासणी कधी, दुरुस्तीसाठी गोदीत कधी, याचा साधारण अंदाज डिव्हिजनल चीफला असतो. सगळं तो सांगणार नाही आणि सांगूही नये, पण "चीफ, पुढच्या चार महिन्यांत सुट्टी कधी मागितलेली बरी?" या प्रश्नाचं उत्तर तो नक्की देईल. सुट्टीच्या बाबतीत नव्या मुलाने विचारायचा सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हाच.

जहाज गोदीत दुरुस्तीला असतं तेव्हा सुट्ट्या मोकळ्या हाताने मिळतात. लांबच्या मोहिमेच्या आधी मिळत नाहीत. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास तयारी असते, तेव्हा जास्त माणसं सोडता येत नाहीत. आणि सण? आपल्याला गणपतीला घरी जायचं असतं. त्याच दिवसांत केरळच्या मुलाला ओणमला जायचं असतं. बंगाली मुलाला दुर्गापूजा, बिहारच्या मुलाला छठ, पंजाबच्या मुलाला लोहडी. मेसमध्ये, म्हणजे जहाजावर एकत्र राहायच्या-जेवायच्या जागेत, दहा प्रांतांची मुलं असतात आणि जहाज चालवायला ठरावीक माणसं लागतातच.

यावर माझ्या मेसमध्ये आम्ही एक पद्धत बसवली होती. वर्षाच्या सुरुवातीलाच एका कागदावर प्रत्येकाने आपला एकच सण लिहायचा. यंदा मी गणपती घेतला तर दिवाळीत मी ड्यूटीला. माझ्या शेजारच्या बंकवर झोपणारा ओडिया मित्र मी दिवाळी घेतली की माझी ड्यूटी करायचा आणि मी रथयात्रेला त्याची. चीफसमोर अर्ज जाण्याआधीच आमचं आपसांत ठरलेलं असायचं, त्यामुळे अर्ज सहसा परत येत नसे. नव्या मुलांनी हे जरूर करावं. दुसऱ्याच्या सणाला स्वतःहून ड्यूटी घेणाऱ्या मुलाची अडचण सगळी मेस ओळखते.

३० दिवस कसे वाटायचे

प्रवासाचे दिवस सुट्टीतच धरून हिशेब करा. विशाखापट्टणमहून कोकणात यायचं तर मुंबईपर्यंतच दीड दिवस जवळजवळ गाडीत जातो, पुढे कोकण रेल्वे आणि मग एसटी. दारात पाऊल पडेपर्यंत दोन दिवस. जाताना तितकेच. म्हणजे १० दिवसांच्या सुट्टीत घरी मिळाले ६. तिथून ५ दिवसांची सुट्टी घेऊन येणं म्हणजे गाडीत बसायला सुट्टी घेण्यासारखं आहे.

तेव्हा विशाखापट्टणम, चेन्नई किंवा जामनगरला असाल तर वर्षात दोनच फेऱ्या करा. एक १४ दिवसांची, एक ९ दिवसांची, आणि ७ दिवस हातात राखून ठेवा. मुंबई, लोणावळा, गोवा किंवा कारवारला असाल तर १०, ७ आणि ६ दिवसांच्या तीन फेऱ्या बसतात आणि तरीही ७ उरतात. अंदमानला असाल तर एकच मोठी फेरी करा. विमानाचं भाडं आणि चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचा प्रवास दोनदा परवडत नाही.

ते राखलेले ७ दिवस मी फार आग्रहाने सांगतो. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीत उरलेली जवळजवळ सगळी सुट्टी संपवून आलो होतो. महिनाभरात वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला. माझ्या खात्यात दोन दिवस होते. वरिष्ठांनी त्यांच्या अखत्यारीत जे करता आलं ते केलं, पण मी पोचलो तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती, कागदांवर सह्या धाकट्या बहिणीने केल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मला परत निघावं लागलं. वडील बरे झाले. पण दवाखान्याच्या जिन्यात एकटी बसलेली बहीण अजून डोळ्यासमोर येते. सण पुढच्या वर्षी परत येतो, हे सात दिवस मात्र वेळेला खात्यात असावे लागतात.

सुट्टीचं वर्ष संपायला दोन महिने उरले आणि हे ७ दिवस तसेच असले, तर मग ते मागून घ्या. शेवटच्या पंधरवड्यात मागू नका, तेव्हा सगळेच मागतात.

अर्ज कसा करायचा

नौदलात प्रत्येक नौसैनिक एका डिव्हिजनमध्ये असतो. तुमची हाक आधी डिव्हिजनल चीफकडे, मग डिव्हिजनल ऑफिसरकडे, तिथून विभागप्रमुख आणि एक्झिक्युटिव्ह ऑफिसरकडे जाते. ही शिडी सोडून वर जाऊ नका. ओळखीचा अधिकारी गावाकडचा आहे म्हणून थेट त्याच्याकडे गेलात, तर तो तुम्हाला चीफकडेच पाठवेल आणि चीफला ते लागेल.

अर्ज शक्य तर निघायच्या महिनाभर आधी द्या. कारण खरं आणि नेमकं लिहा. "घरगुती काम" असं मोघम लिहिलेला अर्ज सगळ्यात शेवटी उचलला जातो. "बहिणीचं लग्न, अमुक तारखेला, सोबत पत्रिका" असं असेल तर निर्णय घेणाऱ्यालाही सोपं जातं. खोटं कारण तर कधीच नको. अर्जात आजीला दोनदा मारलेली मुलं माझ्या पाहण्यात आहेत. तिसऱ्यांदा खरंच वाईट बातमी आली तेव्हा त्यांच्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

लग्नाचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो, स्वतःच्या लग्नासाठी सुट्टी हा प्रश्नच अग्निवीराला नाही. चार वर्षांच्या काळात लग्न करायला परवानगी नाही आणि केलं तर नोकरी जाते. घरच्यांनी मुलगी बघायची घाई करू नये.

सुट्टीत कुठे राहणार तो पूर्ण पत्ता, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड आणि दोन फोन नंबर अर्जात द्या. एक नंबर घरचा आणि एक अशा माणसाचा जो फोन हमखास उचलतो. परत बोलावायची वेळ आली तर याच नंबरांवर फोन येतो. मंजुरीनंतर जो सुट्टीचा कागद मिळतो त्यावरच्या तारखा, परत हजर व्हायची वेळ आणि नावातलं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा.

तिकीट आणि वॉरंट

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या कोकणातल्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात. तुमची सुट्टी तोवर मंजूर नसणार, हे उघड आहे. म्हणून संभाव्य तारखांचं तिकीट घरच्यांकडून काढून घ्या आणि नाहीच जमलं तर रद्द करायचे पैसे गेले असं समजा. बंकवर बसून ऐनवेळी तिकीट काढता येईल या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमचं हेरगिरी प्रकरण उघडकीला आल्यावर नौदलाने जहाजांवर, तळांवर आणि गोदीत स्मार्टफोनला बंदी घातली. तत्काळ तिकिटासाठी जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेलं खातं लागतं. ते जोडायचं काम घरून निघण्याआधीच करून टाका.

नियमित नौसैनिकाला वर्षातून एकदा गावी जायला यायला सरकारी रेल्वे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने तिकीट मिळवायचा कागद, मिळतो आणि सवलतीच्या दराने तिकीट काढायला फॉर्म डी मिळतो. तुमच्या सुट्टीवर यातलं काय लागू आहे हे तिकिटाच्या आधी जहाजाच्या ऑफिसात रायटरला, म्हणजे तिथल्या कारकुनाला, विचारा. आधी स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं की मग वॉरंट घेऊन फिरावं लागतं.

आरक्षण मिळालंच नाही तर मोठ्या स्टेशनांवर एमसीओ, म्हणजे लष्कराचं हालचाल नियंत्रण कार्यालय असतं. तिथे सैनिकांसाठी थोड्या जागांचा कोटा असतो. ओळखपत्र, सुट्टीचा कागद आणि वेटिंगचं तिकीट घेऊन चार्ट लागायच्या बऱ्याच आधी पोचा.

घरी असताना

ओळखपत्र जिवापाड जपा. ते हरवणं हा गुन्हा धरला जातो. हरवलंच तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि जहाजाला कळवा.

पारावर लोक कौतुकाने विचारतात, "बोट कुठे असते रे? आता कुठे जाणार?" नाव, जागा, तारखा यांतलं काही बोलू नका. गणवेशातले, जहाजावरचे फोटो टाकू नका. सुट्टी कधी संपते आणि जहाज कधी निघतं यांचा संबंध जोडणाराही कुणी असू शकतो. आईलाही "कामावर जातोय" एवढंच पुरतं.

बोलावणं आलं तर निघायचं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी महाराष्ट्रातले कितीतरी जवान सुट्टी अर्धवट टाकून परतले, त्यांत नुकतंच लग्न झालेलेही होते. म्हणून सुट्टीतही एक पिशवी भरलेली ठेवा आणि परतीच्या भाड्याचे पैसे खर्च करू नका.

घरी काही अघटित घडलं तर

हा भाग मुलांपेक्षा आईवडिलांनी वाचावा.

मुलगा जहाजावर असतो तेव्हा त्याचा फोन दिवसेंदिवस बंद असतो. त्यामुळे निरोप कसा पोचवायचा हे आधीच ठरलेलं हवं. मुलाने पहिल्याच सुट्टीत एका कागदावर या गोष्टी लिहून तो देवघरात किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा: स्वतःचं पूर्ण नाव, सेवा क्रमांक, जहाजाचं किंवा तळाचं नाव, तिथल्या ड्यूटी ऑफिसरचा कार्यालयीन फोन, आणि एका मेसमित्राच्या घरचा नंबर. कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

वेळ आली की ड्यूटी ऑफिसरला फोन करा. रडत बोललात तरी चालेल, पण चार गोष्टी सांगा: मुलाचं नाव आणि क्रमांक, कोणाला काय झालं, कोणत्या दवाखान्यात आहेत, आणि परत फोन कोणत्या नंबरावर करायचा. जहाज कुठे आहे हे विचारू नका, तो सांगणार नाही. निरोप मात्र समुद्रातही पोचतो. जहाज खोल समुद्रात असेल तर मुलाला लगेच उतरवता येईलच असं नाही, कधी पुढच्या बंदरापर्यंत वाट पाहावी लागते. अंत्यसंस्कारासाठी थांबायचं की नाही, हा निर्णय अशा वेळी घरच्यांना घ्यावा लागतो. मन घट्ट करून याबद्दल एकदा घरात आधीच बोलून ठेवा.

दवाखान्याचे कागद, डॉक्टरांची चिठ्ठी किंवा मृत्यूचा दाखला जपून ठेवा आणि मुलासोबत परत पाठवा. फोन लागत नसेल, काय बोलावं सुचत नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथली माणसं बहुधा माजी सैनिकच असतात आणि निरोप कुठे, कसा द्यायचा हे त्यांना ठाऊक असतं. त्या कार्यालयाचा नंबरही त्याच कागदावर लिहा.

सुट्टीत आजारी पडलात, किंवा सुट्टी पुरेना

गावच्या डॉक्टरचं "आठ दिवस विश्रांती" असं प्रमाणपत्र घेऊन घरी बसू नका. ते पुरेसं नाही. चालता येत असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात जाऊन दाखवा. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी, पुण्यात कमांड हॉस्पिटल, लोणावळ्यात आयएनएचएस कस्तुरी, देवळाली, अहिल्यानगर आणि कामठीची लष्करी रुग्णालयं, गोव्यात वास्कोला आयएनएचएस जीवंती. कोणत्याही दलाचं रुग्णालय चालतं. अपघात किंवा जिवावरचं दुखणं असेल तर मिळेल त्या दवाखान्यात आधी भरती व्हा, त्याच दिवशी घरच्यांनी जहाजाला कळवावं आणि सगळी बिलं, कागद सांभाळावेत.

सुट्टी वाढवून हवी असेल तर संपायच्या तीन-चार दिवस आधी कळवा, शेवटच्या संध्याकाळी नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर झालं, असं कधीही समजू नका. उत्तर नसेल तर पिशवी उचला आणि निघा. परवानगीशिवाय गैरहजर राहणं हा नौदल अधिनियम, १९५७ खाली गुन्हा आहे. चार वर्षांनी २५ टक्क्यांची निवड होते तेव्हा वर्तणुकीची नोंद पाहिली जाते. एका दिवसाच्या हळदीसाठी ती डागाळू नका.

परतीचा प्रवास

हजर व्हायच्या वेळेच्या निदान १२ तास आधी पोचेल अशी गाडी धरा. पावसाळ्यात कोकणातून निघत असाल तर पूर्ण एक दिवस आधी. एका जुलैत दरड कोसळून आमची गाडी रत्नागिरीच्या अलीकडे अडकली. मी स्टेशन मास्तरांकडून गाडी अमुक वेळ थांबल्याचा लेखी दाखला घेतला, तिथूनच जहाजाला फोन केला, आणि ११ तास उशिरा पोचलो. तो दाखला आणि तो फोन नसता तर मी गैरहजर ठरलो असतो.

बंदरावर आलात आणि जहाज धक्क्यावर नाही, असंही होतं. घाबरून परत फिरू नका आणि मित्राच्या खोलीवर जाऊन झोपू नका. मुंबईत आयएनएस आंग्रे, विशाखापट्टणमला आयएनएस सरकार्स अशा तळावरच्या रेग्युलेटिंग ऑफिसात, म्हणजे शिस्त आणि हजेरी बघणाऱ्या कार्यालयात, जा, सुट्टीचा कागद दाखवा आणि हजर झाल्याची वेळ लिहून घ्या. पुढे कुठे थांबायचं, कसं जायचं, ते तिथून सांगतात.

जहाजावर चढलात की आधी ऑफिसात सुट्टीचा कागद जमा करा आणि खात्यात किती दिवस उरले ते विचारा. तो आकडा डायरीत लिहा, तारखेसह. मग चीफला भेटा. आईने दिलेला लाडवांचा डबा मेसमध्ये उघडा, आणि दिवाळीत तुमची ड्यूटी करणाऱ्याला पहिला लाडू द्या.